एअरबस की एटीआर, दिल्ली की हैदराबाद: वैमानिक नोकरी कशी निवडतात

नांदेडच्या एका मुलाच्या हातात दोन नोकऱ्यांची पत्रं आहेत, असं धरून चालू. वय पंचविशीचं, कमर्शियल पायलट लायसन्स झालेलं, प्रशिक्षणासाठी घरच्यांनी वावर गहाण ठेवलेलं. एक पत्र एअरबस ए३२० विमानासाठी आहे, बेस दिल्ली. दुसरं एटीआर ७२ साठी, बेस हैदराबाद. गावात ज्याला विचारावं तो म्हणणार, यात विचार कसला करायचा? जेट घे. पंख्याच्या विमानात काय ठेवलंय!

विमान कंपन्यांत काम करणारी माणसं मात्र याच प्रश्नावर तासन् तास बोलतात. वैमानिकाचं आयुष्य तीन गोष्टींवर उभं असतं. कोणत्या प्रकारचं विमान उडवायचं, ड्यूटी कोणत्या शहरात सुरू होऊन कोणत्या शहरात संपायची (यालाच बेस म्हणतात), आणि महिन्याचं रोस्टर म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक कसं पडायचं. बाहेरच्या माणसाला यातली पहिलीच गोष्ट दिसते. मराठवाड्यातल्या घरासाठी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त जड आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि मुलाच्या शिक्षणावर आयुष्याची कमाई लावणाऱ्या आईबापांना ती कुणी नीट सांगत नाही.

आधी हेही सांगायला हवं, की नवख्या वैमानिकाच्या हातात एकाच वेळी दोन पत्रं येणं दुर्मिळ आहे. लायसन्स घेऊन घरी बसलेली मुलं भरपूर आहेत आणि पहिली नोकरी बहुतेक जण मिळेल ती घेतात. खरी निवड पुढे येते, गाठीशी दीड-दोन हजार तास जमल्यावर. पण पहिली नोकरी पुढच्या कितीतरी वाटा उघडते किंवा बंद करते, म्हणून तिचाही विचार लायसन्स हातात येण्याआधीच झालेला बरा.

लायसन्स एक, विमान वेगळं

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी वयाची १८ वर्षं पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची म्हणजे डीजीसीएची क्लास वन वैद्यकीय तपासणी, आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. गोंदिया, बारामती, नागपूर किंवा परराज्यात जाऊन आपली मुलं हे तास पूर्ण करतात. हे तास बहुतेक दोन किंवा चार आसनी लहान विमानांवर होतात. त्या लायसन्सवर लगेच प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. त्यासाठी त्या-त्या विमानाचं टाइप रेटिंग काढावं लागतं. आधी वर्गातला अभ्यास, मग काही आठवडे सिम्युलेटर म्हणजे सरावासाठीचं जमिनीवरचं नकली कॉकपिट, मग प्रत्यक्ष विमानावर टेकऑफ-लँडिंग, आणि शेवटी प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून प्रवाशांसह लाइन ट्रेनिंग. हा खर्च पुष्कळदा मुलालाच करावा लागतो आणि तो पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. लायसन्सचा खर्च आधीच पन्नास लाखांच्या आसपास गेलेला असतो, त्यावर हा वेगळा.

ए३२० चं रेटिंग ए३१९ आणि ए३२१ लाही चालतं, कारण ती एकाच कुटुंबातली विमानं. बोइंग ७३७ ला ते चालत नाही. एटीआरचं रेटिंग एटीआरपुरतंच. आणि विमान कंपनीत वैमानिक सहसा एका वेळी एकाच प्रकारचं विमान उडवतो.

यातून पहिला मोठा प्रश्न येतो: कंपनी बंद पडली तर हे रेटिंग दुसरीकडे चालेल का? भारतात हा प्रश्न काल्पनिक नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. जेटच्या ताफ्यात बोइंग ७३७ मोठ्या संख्येनं होती आणि ती बंद पडण्याच्या महिनाभर आधीच अपघातांमुळे ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर उतरवली गेली होती. म्हणजे वैमानिक मोकळे झाले तेव्हाच त्यांच्या विमानाच्या कुटुंबातली नवी विमानं जमिनीवर होती. गो फर्स्टकडे ए३२० होती, आणि इंडिगो, एअर इंडिया या दोन्ही मोठ्या कंपन्यांकडे तीच विमानं होती. त्यामुळे त्या वैमानिकांना निदान ठोठवायला दारं तरी होती.

आजचं चित्र असं. ए३२० कुटुंबातली विमानं इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस उडवतात. बोइंग ७३७ आकासा, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्स्प्रेसकडे आहेत. एटीआर इंडिगो, अलायन्स एअर आणि फ्लाय९१ कडे. नांदेडला येणारी स्टार एअर एम्ब्रेअर वापरते, आणि देशात प्रवासी सेवेसाठी एम्ब्रेअर उडवणारी दुसरी कंपनी शोधून सापडत नाही. विमान म्हणून एम्ब्रेअर उत्तमच आहे, पण नोकरी बदलायची वेळ आली तर ते रेटिंग देशात जवळजवळ कुठेच उपयोगी पडत नाही. गावकऱ्यांचा जेटचा आग्रह इथे बरोबर निघतो. ए३२० चं रेटिंग असलेला माणूस सहसा उघड्यावर पडत नाही.

मग एटीआर कुणी का घ्यावं? सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांचं हे टर्बोप्रॉप म्हणजे पंख्याचं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं आणि लहान धावपट्टीवर उतरतं. त्याच्या फेऱ्या तास-सव्वा तासाच्या, म्हणजे दिवसाला चार-चार लँडिंग. जेट पस्तीस हजार फुटांवरून पावसाळी ढगांच्या बऱ्याच भागावरून निघून जातं. एटीआरची कमाल उंची २५,००० फूट, त्यामुळे आषाढ-श्रावणातलं हवामान त्याला अंगावर घेत, वळसे घालत जावं लागतं. हात लवकर तयार होतो. कॅप्टनपदाला लागणाऱ्या वरच्या लायसन्ससाठी १५०० तासांची अट सगळ्यांना सारखीच आहे, पण एटीआरवर कॅप्टनची खुर्ची साधारणपणे लवकर मिळते. पगार जेटपेक्षा कमी असतो. आणि एक गोष्ट पत्रात लिहिलेली नसते: लहान विमानतळांपैकी कितीतरी रात्री बंद असतात, त्यामुळे एटीआरच्या वैमानिकाची रात्र जेटवाल्यापेक्षा जास्त वेळा स्वतःच्या बिछान्यात जाते.

दुसऱ्या टोकाला बोइंग ७७७, ७८७ आणि एअरबस ए३५० ही लांब पल्ल्याची मोठी विमानं. मुंबईहून न्यूयॉर्क म्हणजे पंधरा-सोळा तास, कॉकपिटसाठी चार वैमानिक, आळीपाळीनं झोपायला विमानातच बर्थ. महिन्यात मोजक्या फेऱ्या आणि फेऱ्यांच्या मध्ये सलग सुट्या. ऐकायला छान वाटतं. पण शरीर कधी न्यूयॉर्कच्या वेळेत, कधी मुंबईच्या, आणि लँडिंग इतकी कमी वाट्याला येतात की ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगची अट पुरी करायला कधी कधी सिम्युलेटरला जावं लागतं. तरीही या विमानांसाठी रांग असते, कारण पगार आणि मान दोन्ही मोठे. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी जवळपास दोन महिने संप केला होता. नव्या ७८७ चं प्रशिक्षण, एअर इंडियात विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्यावरून तो पेटला. कोणतं विमान कुणाच्या वाट्याला, हा प्रश्न किती खोलवर जातो ते यावरून समजावं.

आणि ही मोठी विमानं उडतात प्रामुख्याने दिल्ली आणि मुंबईहून. म्हणजे ते विमान घेतलं की राहायचं शहरही जवळपास ठरलंच.

बेस म्हणजे काय

बेस म्हणजे कंपनीनं तुम्हाला नेमून दिलेलं शहर. ड्यूटीचं घड्याळ तिथे हजेरी दिली की सुरू होतं. बेसवर असताना राहण्याचा, खाण्याचा, घरभाड्याचा खर्च तुमचा. बाहेरगावी रात्र काढावी लागली तर तो लेओव्हर, त्याचं हॉटेल कंपनीचं. कंपनीनं कामासाठी तुम्हाला प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरात नेलं तर तो वेळ ड्यूटीत मोजतात. पण बेस हैदराबाद आणि तुम्ही आपखुशीनं नांदेडला राहत असाल, तर नांदेड ते हैदराबाद हा प्रवास तुमच्या झोपेतून, तुमच्या खिशातून आणि तुमच्या जबाबदारीवर. उशीर झाला तर "रेल्वे लेट होती" हे कारण चालत नाही.

मराठवाड्यात मोठ्या विमान कंपनीचा वैमानिकांचा बेस नाही. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यावर मुंबई, दिल्ली, हैदराबादची विमानं येतात, पण विमान उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात परत फिरतं. शहरातलाच कुणी वैमानिक ते घेऊन आला, तरी घर वीस मिनिटांवर असून त्याला विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही. प्रवासी उतरवायचे, इंधन घ्यायचं, वजनाचे आणि हवामानाचे कागद पाहायचे, नवे प्रवासी घ्यायचे. संभाजीनगरच्या उंचीवर आणि मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात हवा विरळ होते, इंजिन आणि पंख यांची ताकद घटते, त्यामुळे दुपारच्या टेकऑफचा हिशोब जास्तच काळजीनं करावा लागतो. या गडबडीत घरचा डबा घ्यायलाही कुणी गेटपर्यंत जात नाही.

त्यामुळे मराठवाड्यातल्या वैमानिकापुढे दोनच रस्ते उरतात. एकतर बिऱ्हाड बेसवर हलवायचं, नाहीतर घर इथेच ठेवून ये-जा करायची. ये-जा करायची असेल तर नकाशा उघडून बसावं, कारण मराठवाड्याच्या प्रत्येक भागाला वेगळा बेस जवळचा आहे. आपल्याकडे सवयीनं मुंबई जवळ वाटते. संभाजीनगर-जालन्याला ती खरंच जवळ आहे: रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस आहे, वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढली, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे मुंबईत वैमानिकांची गरज वाढत जाणार. पण नांदेडला हैदराबाद रस्त्यानं पावणेतीनशे किलोमीटर, मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. उदगीर, देगलूर, किनवट या भागांनाही हैदराबादच जवळचं. दिल्ली सगळ्यांनाच लांब. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं निघालं तर एक दिवस गाडीतच जातो.

विमानानं ये-जा करू, असं नव्या मुलांना वाटतं. कर्मचाऱ्याला स्वस्त तिकीट मिळतं हे खरं. पण ते बहुधा 'सबलो' असतं, म्हणजे जागा रिकामी राहिली तर बसायचं. दिवाळीत, लग्नसराईत, सलग सुट्यांत जागा रिकामी राहत नाही. आणि लहान गावांच्या विमानसेवेचा भरवसा धरता येत नाही. नांदेड-हैदराबाद विमानसेवा २७ एप्रिल २०१७ ला लहान शहरं विमानानं जोडण्याच्या 'उडान' या सरकारी योजनेतल्या पहिल्या उड्डाणांपैकी एक म्हणून सुरू झाली, ट्रूजेटच्या एटीआरनं. काही वर्षांत ती कंपनीच थांबली. आज स्टार एअरची विमानं आहेत, उद्याचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. रोजच्या पोटापाण्याची घडी एका फेरीवर बसवू नये. रेल्वे आणि रस्ता धरूनच हिशोब करावा.

बेस बदलून मिळतो का?

मिळतो, पण रांगेत. विमान कंपनीत ज्येष्ठता म्हणजे तुम्ही त्या कंपनीत कधी लागलात त्याचा क्रमांक. बदली, कॅप्टनपद, मोठ्या विमानावर जाणं, पुष्कळ ठिकाणी सणाची रजासुद्धा, त्या क्रमांकानं ठरते. हंगामात कारखान्याच्या गव्हाणीपुढे उसाचे ट्रॅक्टर लागतात ना, तसंच आहे: नंबर पुढे सरकत राहतो, पण हा कारखाना सोडून दुसऱ्याकडे गेलात की तिथे शेपटाला उभं राहायचं. दहा वर्षं उडवलेला कॅप्टन नव्या कंपनीत कॅप्टन म्हणून लागू शकतो, मात्र हव्या त्या बेसची बदली त्याच्याआधी महिनाभर लागलेल्या माणसाला मिळते.

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत ही पद्धत फार पुढे गेलेली आहे. तिथे वैमानिक विमान, बेस आणि महिन्याच्या फेऱ्या यांसाठी बोली लावतात आणि ज्येष्ठतेनुसार वाटप होतं. त्यामुळे मोठ्या विमानावर सगळ्यात कनिष्ठ होण्यापेक्षा लहान विमानावर ज्येष्ठ राहून सणवार घरी काढायचे, असं ठरवणारी माणसं तिथे पुष्कळ आहेत. आपल्याकडे रोस्टर बहुतेक कंपनीच ठरवते, वैमानिक पसंती कळवतो. तरी तत्त्व तेच.

कंपन्या एकत्र झाल्या की ही रांग विस्कटते. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या आणि कोणाचा नंबर कोणाच्या पुढे, हा वाद वर्षानुवर्षं चालला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्वीची एअर एशिया इंडिया एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आली, १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. अशा वेळी ज्येष्ठता यादी हाच वैमानिकांच्या गप्पांचा पहिला विषय असतो.

रोस्टर: हजार तासांमागचा दिवस

नियमाप्रमाणे वैमानिकाला वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, दिवसाला तीन तासांचं काम! म्हणून एक दिवस जवळून पाहू.

हैदराबादचा एटीआर वैमानिक, हजेरी सकाळी सव्वासहाची. शमशाबादचा विमानतळ शहरापासून लांब, त्यामुळे कंपनीची गाडी पावणेपाचला दारात, आणि उठायचं पावणेचारला. हजेरी, श्वासाची दारू तपासणी, हवामान, इंधन, विमानाची पाहणी. सव्वासातला पहिलं उड्डाण. सव्वा तासाच्या आत उतरायचं, अर्ध्या तासानं परत. पुन्हा हैदराबाद, थोडी उसंत, मग आणखी एक गाव आणि परत. चौथं लँडिंग दुपारी पावणेदोनच्या सुमारास. कागदपत्रं आटोपून दोननंतर ड्यूटी संपली, घरी पोचायला सव्वातीन. उडण्याचे तास मोजतात ते विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. ते झाले चार तास चाळीस मिनिटं. घराबाहेर गेले साडेदहा तास. असे २१४ दिवस केले की वर्षाचे १००० तास भरतात आणि घराबाहेरचे सव्वादोन हजार.

हा सकाळचा दिवस सोपा होता. जेटवर रात्रीची ड्यूटी येते. माणसाचं शरीर रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात सगळ्यात मंदावलेलं असतं, मन मानायला तयार नसलं तरी. म्हणून डीजीसीएनं जानेवारी २०२४ मध्ये ड्यूटी आणि विश्रांतीचे नियम कडक केले. रात्र पूर्वी पाचपर्यंत मोजत, ती सहापर्यंत केली. रात्रीच्या ड्यूटीतल्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली, दोन स्थानिक रात्री धरून. कंपन्यांच्या विरोधानंतर हे नियम दोन टप्प्यांत लागू झाले, जुलै आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये. डिसेंबरात इंडिगोला वैमानिक कमी पडले, हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि डीजीसीएनं त्या कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून फेब्रुवारीपर्यंत तात्पुरती सूट दिली. विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांचे हाल सगळ्यांनी पाहिले. पण नियम चुकीचा नव्हता. झोपेला पेंगुळलेला माणूस दोनशे जणांना घेऊन उतरू नये, एवढंच तो सांगतो, आणि मला तो मनापासून पटतो.

या ४८ तासांचा अर्थ ये-जा करणाऱ्याला सगळ्यात आधी कळतो. शुक्रवारी रात्री आठला हैदराबादला ड्यूटी संपली. जुन्या ३६ तासांनी रविवारी सकाळी आठला पुन्हा हजेरी लागू शकत होती. म्हणजे शनिवारची रात्र हैदराबादलाच काढायची. नांदेडला जायचं तर शुक्रवारी रात्रीच थकलेल्या अंगानं गाडी हाकायची आणि शनिवारी संध्याकाळी माघारी. ४८ तास झाले की शुक्रवारी शांत झोपून शनिवारी पहाटे निघता येतं, रात्र घरी काढता येते, रविवारी दुपारी परतता येतं. पुढची हजेरी सोमवारी सकाळी असेल तर उत्तमच. रविवारी रात्रीची असेल तर मात्र पाच-सहा तासांचा प्रवास करून थेट कॉकपिटमध्ये बसू नये. अशा वेळी गावी न जाणं हाच शहाणपणा.

स्टँडबायचं दुखणं वेगळं. त्या दिवशी उड्डाण नसतं, पण फोन आला की ठरलेल्या वेळेत हजर व्हायचं असतं. बेसवर राहणाऱ्याला तो दिवस बराचसा घरचा मिळतो. नांदेडला घर असलेल्याला तो भाड्याच्या खोलीत फोनकडे बघत काढावा लागतो. ये-जा परवडते का याचा हिशोब करताना माणसं सुट्या मोजतात आणि स्टँडबाय मोजायला विसरतात.

सणांचंही आधीच घरात बोलून घ्यावं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आणि वेळ अमावस्येला शेतात सगळं कुटुंब जमतं, पण कनिष्ठ वैमानिकाला त्याच दिवशी सुट्टी मिळेल याची खात्री नाही. वेळ अमावस्या मुंबई-दिल्लीच्या कॅलेंडरात सुट्टी नाही, ही त्यातली सोय: त्या दिवसासाठी सहकाऱ्यांत झुंबड नसते, वेळेत अर्ज केला तर मिळून जाते. दिवाळीची रजा मात्र ज्येष्ठांना जाते.

सोयरीक जमवतानाही हे समजून घ्यावं. भारतात सुमारे १५ टक्के वैमानिक महिला आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. नवराबायको दोघंही उडणारी असतील तर दोघांचा बेस एक नसल्यास घर चालत नाही, आणि मूल झाल्यावर आजी-आजोबांना परभणी-हिंगोलीहून बेसवर यावं लागतं. मुलगी वैमानिक असली की "नोकरी सोडून दे" हा सल्ला घाईघाईनं पुढे येतो. त्याआधी बेस बदलून मिळतो का, लहान विमानावर दिवसाची ड्यूटी मिळते का, हे तपासायला हवं. रस्ते असतात.

आता त्या दोन पत्रांबद्दल माझं मत. एटीआर देणारी कंपनी ए३२० सुद्धा उडवत असेल आणि काही वर्षांनी तिकडे जाण्याची लेखी सोय असेल, तर नांदेडच्या मुलानं हैदराबाद घ्यावं. तास जमतील, हात तयार होईल, घर पाच-सहा तासांवर राहील आणि रेटिंग पुढे बदलता येईल. ती कंपनी फक्त लहान विमानंच उडवत असेल आणि डोक्यावर कर्ज मोठं असेल, तर दिल्लीचं ए३२० घ्यावं, बदलीचा अर्ज करता येण्याच्या पहिल्या दिवशीच हैदराबादसाठी नाव लावावं, आणि तोवर बिऱ्हाड दिल्लीला न्यावं. दिल्ली-नांदेड ये-जा करू नये.

सही करण्याआधी करारातली तीन कलमं घरच्यांनी शेजारी बसून वाचावीत. पहिलं बाँडचं: किती वर्षं सोडता येणार नाही, मध्येच सोडलं तर किती रक्कम, आणि ती दर वर्षाला घटत जाते की तशीच राहते. दुसरं बेसचं: कंपनीला वाटेल तेव्हा बेस बदलता येतो का, आणि तुम्हाला बदली मागायला किती काळ थांबावं लागतं. तिसरं नोटिशीचं. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमानं सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते. वडिलांचं आजारपण किंवा बायकोची बदली अचानक आली, तरी दुसऱ्या बेसवरच्या दुसऱ्या कंपनीत जायला एवढा वेळ धरावा लागतो, म्हणून पुढच्या वर्षी घरात काय घडणार आहे याचा अंदाज याच वर्षी घेऊन अर्ज करावा लागतो.